कोपऱ्यात उभ्या असलेल्याचं गाणं

प्रिय मित्रा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. आर.ई.एम.च्या ‘लूझिंग माय रिलिजन’ या गाण्याने तुला झपाटलंय हे वाचून फार बरं वाटलं. गायकाची श्रद्धा नेमकी कशानं उडाली हे शोधत तू व्हिडिओतला एकेक देवदूत वहीत टिपून ठेवलायस. ती वही जपून ठेव, पण थोडे दिवस उघडू नकोस. या गाण्यात शिरायचं दार दुसरीकडे आहे. मीही बरीच वर्षं चुकीच्या दारावर थापा मारत होतो, म्हणून सांगतो.

आर.ई.एम. हा बँड अमेरिकेच्या दक्षिणेतला, जॉर्जिया राज्यातल्या अथेन्स गावात १९८० साली जमलेला. शब्दशः ‘माझा धर्म गमावतोय’ असं असलं, तरी त्या भागात ‘लूझिंग माय रिलिजन’ हा बोलण्यातला वाक्प्रचार आहे. त्याचा अर्थ धीर सुटणं, सहनशक्ती संपणं. आपल्याकडे कुणी ‘देव पाण्यात घालून बसलोय’ म्हणालं, तर आपल्याला त्याची धाकधूक ऐकू येते, मूर्ती दिसत नाही. तसंच हे. बँडचा गायक मायकल स्टाइपनं स्वतःच सांगितलंय की हे एकतर्फी ओढीचं गाणं आहे. समोरच्या माणसाला काही कळलंय का, आपण जास्त बोललो का, तो हसला की आपल्याला तसा भास झाला, याच शंकांभोवती ते शेवटपर्यंत फिरत राहतं.

आता जी गोष्ट तू घोकून ठेवावीस असं मला वाटतं, ती सांगतो. गाण्यातला माणूस आधी कोपऱ्यात उभा असतो आणि लगेच पुढे प्रकाशझोतात. मूळ मसुद्यात प्रकाशझोत नव्हता, तिथे स्वयंपाकघर होतं. म्हणजे पार्टीत सगळे नाचतायत आणि एक लाजाळू मुलगा, जिच्याशी किंवा ज्याच्याशी बोलायचंय तिथवर पोचू न शकल्यानं, आधी कोपऱ्यात आणि मग स्वयंपाकघरात जाऊन उभा आहे. स्टाइपनं एवढा एक शब्द बदलला आणि त्या मुलावर दिवा पडला. लाजणाऱ्याला सगळ्यांनी पाहावं, याहून मोठी शिक्षा कुठली? पण आधी स्वयंपाकघर होतं म्हणूनच तो प्रकाशझोत इतका टोचतो, असं माझं ठाम मत आहे.

चालही अशीच साध्या जागी सापडलेली. बँडचा गिटारवादक पीटर बकनं नुकतंच मँडोलिन हे छोटं तंतुवाद्य घेतलं होतं. टीव्हीसमोर बसून तो हात बसवत होता आणि रेकॉर्डर चालू होता. दुसऱ्या दिवशी टेप ऐकताना बऱ्याचशा शिकाऊ तुणतुणीच्या मधोमध ही सुरावट निघाली. गिटारवर आपल्याला हे सुचलं नसतं, असं तो सांगतो. सरावलेली बोटं सवयीच्या जागी जातात, नवखी बोटं भलतीकडे पडतात. तेव्हा तुझ्या नव्या कीबोर्डवरच्या पहिल्या आठवड्यांच्या टेप पुसून टाकू नकोस.

ध्वनिमुद्रण १९९० च्या सप्टेंबरात न्यूयॉर्क राज्यातल्या बेअर्सव्हिल स्टुडिओत झालं. मँडोलिन वरच्या पट्टीत किणकिणणारं, माइक मिल्सचा बास खाली, आणि मधली जागा रिकामी. म्हणून बँडसोबत वाजवणाऱ्या पीटर हॉल्सॲपलची अकूस्टिक गिटार त्या जागेत बसवली. हेडफोन लावून एकदा फक्त तिचाच माग काढ. असून नसल्यासारखी आहे, पण ती काढली तर गाणं पोकळ होईल. तंतुवाद्यं नंतर अटलांटात जोडली. गायन मात्र एकाच टेकमध्ये झालं. नेहमीसारखं ध्रुवपद नाही, पुढे आहे ते मँडोलिन, त्यामुळे हे अल्बममधलं पहिलं सिंगल म्हणून काढावं का, याबद्दल कंपनीतही शंका होती. १९९१ च्या फेब्रुवारीत ते आलं आणि अमेरिकेच्या बिलबोर्ड या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं.

व्हिडिओचा दिग्दर्शक तरसेम सिंग, जन्म जालंधरचा. त्यानं गॅब्रिएल गार्सिया मार्केसच्या कथेतला आकाशातून पडलेला पंखवाला म्हातारा घेतला, इटालियन चित्रकार काराव्हाजिओच्या चित्रांतला काळोख आणि तिरका उजेड घेतला, अंगात बाण रुतलेला संत सेबॅस्टियन घेतला, हिंदू देवदेवतांची कॅलेंडरी झळाळी घेतली. सुरुवातीला खिडकीतून पडून फुटणारं दुधाचं भांडं रशियन दिग्दर्शक तारकोव्हस्कीच्या ‘द सॅक्रिफाइस’ या चित्रपटाला केलेला नमस्कार आहे. तुझी वही इथवर बरोबर पोचली आहे.

पण या सगळ्या दरबारात एका साध्या खोलीत एक माणूस अवघडून नाचतोय, त्याच्याबद्दल तू एक ओळही लिहिली नाहीस. स्टाइप त्याआधी व्हिडिओत गाण्यावर ओठ हलवायला तयार नसे. इथे तो ओठही हलवतो आणि हात झटकत, कंबरेत वाकत, मध्येच थबकत नाचतो. माझ्या लेखी व्हिडिओ तिथे आहे. पंख आणि बाण काढून टाकले तरी तो नाच गाणं पेलून धरेल. नाच काढला, तर देखणी चित्रं तेवढी उरतील. त्या वर्षी एमटीव्हीनं त्याला सर्वोत्कृष्ट व्हिडिओ ठरवलं, पुढे ग्रॅमीही मिळालं, पण तू ते सगळं विसरून एकदा आवाज बंद करून फक्त स्टाइपचे खांदे बघ.

पत्राच्या शेवटी तू लिहिलंयस, ‘आमच्या गाण्याला मोठा अर्थ हवा, म्हणून व्हिडिओत जळतं झाड आणि मुखवटे घेतोय.’ झाड राहू दे, मुखवटेही राहू देत. तुझा मसुदा मी वाचला. दुसऱ्या कडव्यात ‘अंधार’ तीनदा आलाय आणि माणूस एकदाही आलेला नाही. ज्या संध्याकाळी तुला ते बोलायचं होतं आणि बोलता आलं नाही, तेव्हा तू कुठे उभा होतास? हातात काय होतं? पुढच्या पत्रात व्हिडिओची कल्पना नको, एवढंच लिहून पाठव. आणि कीबोर्डची ती कच्ची टेपही पाठव, चुकांसकट.

तुझा,
काका