कोर्ट, कारखाना की पुणे? उन्हाळ्याच्या नऊ आठवड्यांचा हिशेब

सोलापूरच्या पूर्व भागातून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाच्या तिसऱ्या वर्षाला. परीक्षा ८ मेला संपेल, कॉलेज जुलैच्या मध्यावर उघडेल. तिच्यापुढे तीन कामं आहेत: जिल्हा न्यायालयातल्या फौजदारी वकिलांकडे बिनपगारी, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात महिना १२,००० रुपयांवर दोन महिने, किंवा पुण्याच्या लॉ फर्ममध्ये चार आठवडे, मिळून ५,००० रुपये. धाकट्या मुलाची फी जूनअखेर भरायची आहे. ते विचारतात, फुकट काम कशासाठी करायचं?

प्रश्न रास्त आहे. पुणे यंदा सोडा. खोली आणि मेसचे पैसे भरताना घरातूनच भर घालावी लागेल.

उरले दोन पर्याय. त्यातला एकच निवडायचा असं तुम्ही धरून चालला आहात, पण कॅलेंडर पाहा. मे महिन्यात न्यायालयांना उन्हाळी सुट्टी लागते, ती जूनच्या सुरुवातीला संपते. त्या काळात जामिनासारखी तातडीची कामं तेवढी चालतात. मुलगी ११ मेला वकिलांकडे गेली, तर साक्षीदाराला त्याच्या बाजूच्या वकिलाने प्रश्न विचारायचा सरतपास नाही, विरुद्ध बाजूच्या वकिलाचा उलटतपास नाही. ऑफिसात टायपिंग करत बसेल आणि वकिली कंटाळवाणी असते असं समजून परत येईल. म्हणून ११ मे ते १४ जून कारखाना, १५ जून ते ११ जुलै कोर्ट. कारखान्याचे पाच आठवड्यांचे साधारण १४,००० रुपये होतात. २४,०००च्या मानाने १०,००० कमी, हे खरं आहे. पण फीच्या वेळेला पैसे हातात असतील.

त्या १०,०००च्या बदल्यात काय मिळतं? वकिलीच्या शिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८च्या नियमांप्रमाणे पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे इंटर्नशिप लागते, एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त करता येत नाही, आणि खटले व अपिलं चालवणाऱ्या वकिलांकडे एकदा तरी काम करावंच लागतं. म्हणजे कारखान्यात दोन महिने काढले तरी पूर्ण दोन महिने इंटर्नशिप म्हणून जमेस धरले जाणार नाहीत. यंदाचे चार आठवडे कोर्टाचेच लावा. अपिलांसाठी पुढे मुंबईच गाठावी लागेल असंही नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे मुख्य ठिकाणाबाहेर बसणारं खंडपीठ, आहे आणि सोलापूर जिल्हा त्याच्याकडे आहे.

कारखान्यातही कायदा शिकता येतो, फक्त काम मागून घ्यावं लागतं. उधारीवरचा माल, न वटलेले चेक, मुदतीच्या तारखा. चेक परत आल्याची बँकेची सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस पोचल्यावर पैसे द्यायला १५ दिवस, त्यानंतर एका महिन्यात फिर्याद. तारखांचा असा तक्ता तिने एकदा स्वतः बनवला, की चेक न वटण्याच्या गुन्ह्याचं कलम १३८ वेगळं पाठ करावं लागत नाही.

कोर्टात मुलं वाया जातात ती फायली उचलण्यात. पहिल्याच दिवशी तिने वकीलसाहेबांना तीन चालू प्रकरणं मागावीत. आदल्या रात्री फिर्याद, पंचनामा, दोषारोपपत्र वाचावं, सकाळी बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांच्या यादीत, प्रकरण कितवं आहे ते पाहावं, संध्याकाळी रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीत, काय नोंदलं गेलं ते आपल्या वहीत उतरवावं. उलटतपासातला एखादा प्रश्न का विचारला, हे त्याच दिवशी विचारावं. आठवड्याने वकिलांनाही आठवत नाही. कॉलेजला द्यायच्या इंटर्नशिपच्या डायरीवर दर शनिवारी वकिलांची सही घ्यावी. शेवटच्या दिवशी एकदम सह्या मागितल्या तर तारखा जुळत नाहीत आणि कॉलेज डायरी परत करतं. आणि फायलीचा फोटो व्हॉट्सॲप स्टेटसवर कधीही टाकू नये. ती पक्षकाराची गुपितं आहेत.

कारखान्याने पाच आठवडे नाकारले आणि फीची दुसरी सोय नसेल, तर दोन महिने तिथेच जाऊ द्या, त्यात कमीपणा नाही. मात्र कोर्टाचं काम दिवाळीवर ढकलू नका, तेव्हाही न्यायालयं बंद असतात. कॉलेज चालू असताना ते करता येईल का, हे प्राचार्यांना आत्ताच विचारा. पण त्याआधी याच आठवड्यात मुलीला कारखान्याच्या मॅनेजरकडे पाठवा आणि ११ मे ते १४ जून एवढ्या तारखा घालून लेखी पत्र मागायला सांगा.