'तालुका नाझिम' म्हणजे कोण?

प्रश्न असा आहे : पाकिस्तानातल्या स्थानिक निवडणुकांच्या जुन्या बातम्यांत पंजाबसाठी 'तहसील नाझिम' आणि सिंधसाठी 'तालुका नाझिम' असे का असते? तालुका तर आपल्याकडचा शब्द! आणि नाझिमाला मराठीत काय म्हणावे?

तालुका आपल्याकडचा आहे, तसा सिंधचाही आहे. 1843मध्ये इंग्रजांनी सिंध घेतला, 1847मध्ये तो मुंबई इलाख्याला जोडला आणि 1 एप्रिल 1936 रोजी वेगळा प्रांत केला. म्हणजे तब्बल 89 वर्षे ठाणे, सातारा, कराची, हैदराबाद (सिंधमधले) यांचा कारभार एकाच इलाख्यात चालला. या इलाख्यात जिल्ह्याचे भाग म्हणजे तालुके, पंजाबात मात्र तहसिली. फाळणीनंतरही दोन्ही प्रांतांनी आपापला शब्द सोडला नाही. मुळात दोन्ही अरबी. 'ताल्लुक' म्हणजे संबंध, त्यावरून एखाद्या ठाण्याशी संबंधित मुलूख तो तालुका. 'तहसील' म्हणजे वसुली; 'हासिल' आणि आपल्या 'काय हशील?' मधला हशील त्याच घरातले. महाराष्ट्रात गंमत अशी की मुलूख तालुका राहिला आणि मामलेदार जाऊन अधिकारी मात्र तहसीलदार झाला. सिंधमध्ये त्या खुर्चीवर 'मुख्त्यारकार' बसतो. मुखत्यारपत्र करून देणाऱ्या मराठी माणसाला हा शब्द समजावून सांगायची गरज नाही.

आता नाझिम. अरबी 'न-ज़-म' या धातूचा अर्थ नीट रचणे, व्यवस्था लावणे. निजाम, इंतजाम आणि कवितेला म्हणतात ती नज्म, सगळे याच धातूचे. परवेझ मुशर्रफ यांच्या राजवटीत 2001च्या अध्यादेशाने युनियन (गावे जोडून केलेला गट), तहसील किंवा तालुका आणि जिल्हा अशी तीन पायऱ्यांची रचना आली आणि प्रत्येक पायरीवर नाझिम व नायब नाझिम बसले. थेट मतदान फक्त युनियनच्या पायरीवर. तिथला नाझिम आपोआप जिल्हा कौन्सिलचा सभासद व्हायचा, नायब नाझिम तालुका कौन्सिलचा, आणि वरच्या नाझिमांना हे खालून निवडून आलेले लोक निवडायचे.

म्हणून जिल्हा नाझिमाला 'जिल्हा परिषद अध्यक्ष' म्हणणे मला पटत नाही. कौन्सिलच्या बैठका चालवायचा तो नायब नाझिम. नाझिमाच्या हाती प्रत्यक्ष कारभार होता आणि जिल्ह्याचा मुख्य सनदी अधिकारी त्याच्या हाताखाली होता. आपल्याकडे अध्यक्ष एकीकडे, मुख्य कार्यकारी अधिकारी दुसरीकडे आणि जिल्हाधिकारी तिसरीकडे अशी वाटणी असते, त्यामुळे नेमका प्रतिशब्द सापडतच नाही. अर्थाने सर्वांत जवळ जातो तो 'कारभारी'. तरी बातमीत 'नाझिम'च ठेवावे आणि पहिल्या उल्लेखात 'जिल्ह्याचा निर्वाचित कारभारी' एवढे सांगावे. नायब तहसीलदार रोज भेटतो, तेव्हा 'नायब' कुणालाच अडणार नाही.

मात्र काळ पाहूनच हा शब्द वापरावा. मुस्तफा कमाल हे 2005 ते 2010 कराचीचे नाझिम होते, तसेच लिहावे. सिंधच्या 2013च्या कायद्यात नाझिम नाही. चेअरमन आणि मोठ्या शहरांत मेयर आहे. त्यामुळे जून 2023मध्ये निवडून आलेले मुर्तझा वहाब हे कराचीचे महापौर. हा शब्द इथे चपखल बसतो, कारण मुंबईसारखेच तिथेही महापौराला सभागृह निवडते. वहाब यांना 173 मते पडली, त्यांचे प्रतिस्पर्धी हाफिज नईमुर्रहमान यांना 160. एक फरक मात्र नोंदवायला हवा : तिथे कायद्यात बदल करून सभागृहाबाहेरच्या व्यक्तीलाही महापौर होण्याची वाट मोकळी केली होती, सहा महिन्यांत निवडून यायची अट होती. वहाब याच वाटेने आले.

सर्वांत जास्त घोटाळा होतो तो 'युनियन'चा. कामगार संघटनेशी तिचा काही संबंध नाही. बंगालमधल्या युनियन बोर्डापासून ही ओळ चालत आली आहे. बांगलादेशात आजही युनियन परिषद आहे. गावे जोडून केलेला गट म्हणजे युनियन, आपल्या गट ग्रामपंचायतीच्या जवळची. आजच्या सिंधमध्ये खेड्यांत युनियन कौन्सिल असते आणि शहरात युनियन कमिटी, जिचा आवाका साधारण आपल्या प्रभागासारखा. तिचे भाषांतर 'संघ समिती' असे छापलेले पाहिले की जीव कळवळतो. 'युनियन कमिटी' असेच लिहावे.