‘वाजवी संशयापलीकडे’ म्हणजे नेमके किती टक्के?

तुम्ही विचारलंय की आरोपी दोषी ठरायला ९५ टक्के खात्री लागते की ९९, आणि कायद्यानेच आकडा का ठरवून टाकू नये.

कायद्यात टक्का नाहीच. ‘वाजवी संशय’ हेही निकालपत्रांतून रुळलेलं. १८७२ च्या पुरावा कायद्यातली ‘शाबीत’ची व्याख्या २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे: न्यायालयाला गोष्ट खरी वाटावी, किंवा इतकी संभवनीय वाटावी की समंजस माणूस त्या परिस्थितीत ती खरी धरून चालेल.

आकडा लावला की काय होतं, ते जोनाथन कोहेन या तत्त्वज्ञाने १९७७ मध्ये दाखवलं. खेळाला १००० प्रेक्षक, पैसे भरले फक्त ४९९ जणांनी. कुणालाही उचला, तो फुकट्या असण्याची शक्यता ५०.१ टक्के. दिवाणी दाव्यात पारडं अर्ध्यावर झुकलं की पुरतं, म्हणजे हजारही जण हरणार, पैसे भरलेले ४९९ धरून! आकडा ९९ वर नेलात तरी दुखणं तेच. तो गर्दीचा हिशोब आहे. समोरचा माणूस निर्दोष असता तरी तो तसाच राहिला असता. ‘याला कुंपणावरून उडी मारताना पाहिलं’ ही साक्ष मात्र, त्याने उडी मारलीच नसती तर बहुधा आली नसती. शिवाय साक्षीदाराची उलटतपासणी घेता येते, टक्केवारीची कशी घेणार?

आकड्यांचा खरा घोळ अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या कॉलिन्स या लुटीच्या खटल्यात झाला. साक्षीदारांनी सांगितलेल्या लुटारूंच्या खुणा आरोपींशी जुळत होत्या. पिवळी गाडी दहात एक, मिशी चारात एक, दाढी दहात एक, वगैरे अंदाजपंचे आकडे गुणून सरकारी पक्षाने ‘एक कोटी वीस लाखांत एक’ काढलं. दाढीवाल्याला बहुधा मिशी असतेच, तेव्हा हा गुणाकारच चालत नाही. १९६८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली. डीएनएतही हाच सापळा आहे: जुळणी दहा लाखांत एक असेल, तर एक कोटीच्या शहरात साधारण दहा जण जुळतील. इतर पुरावा नसेल तर आरोपी त्या दहांतला एक, एवढंच.

म्हणून माझ्या मते टक्क्यांपेक्षा पर्यायी हकिगतींची तुलना न्यायालयाच्या कामाला जास्त जवळची. महाराष्ट्रातून गेलेल्या, पत्नीच्या खुनाचा आरोप असलेल्या सारडा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये परिस्थितीजन्य पुराव्याची जी पाच सूत्रं घातली, त्यांतलं एक हेच: पुराव्याने आरोपीच्या दोषाखेरीज प्रत्येक संभाव्य तर्काला वाव बंद केला पाहिजे. सारडांचा मृत्युदंड रद्द होऊन ते सुटले, कारण पत्नीने आत्महत्या केल्याचा तर्क पुराव्यातून पुसला गेलाच नव्हता.