मूल शांतपणे म्हणतं ‘मला मरायचंय’, तर खरं मानायचं का?

ऑटिझम (स्वमग्नता) असलेल्या टीनएज मुलांचे आईबाबा माझ्याकडे येतात तेव्हा हा प्रश्न असतोच, फक्त तो तोंडातून बाहेर पडायला त्यांना वेळ लागतो. मूल म्हणतं मला जगायचं नाही, आणि ते अशा आवाजात म्हणतं जसं काही उद्या गणिताची वही न्यायची आहे. रडणं नाही, चेहरा नेहमीसारखाच. मग हे खरं मानायचं, का कुठेतरी ऐकलेलं वाक्य रिपीट करतंय समजून सोडून द्यायचं? आणि आपण खोदून विचारलं तर नसलेला विचार डोक्यात शिरेल का, ही भीती वेगळीच.

माझं उत्तर आधीच सांगून टाकते. खरं मानायचं आणि स्पष्ट विचारायचं. विचारल्याने विचार पेरला जात नाही, यावर झालेल्या अभ्यासांचा 2014 साली आढावा घेतला गेला होता, त्यातही विचारल्यामुळे आत्महत्येचे विचार वाढतात असं काही दिसलं नाही. आणि चेहऱ्यावरून अंदाज बांधू नका प्लीज, या मुलांच्या बाबतीत आत किती चाललंय ते चेहऱ्यावर दिसेलच असं नसतं.

एक केस सांगते. मुलगी 15 वर्षांची, तिला रेवा म्हणूया (ओळख पटू नये म्हणून दोन-तीन मुलांचे अनुभव एकत्र केलेत). मार्क चांगले, शाळेत कधी तक्रार नाही, निदानच मुळी उशिरा झालेलं. एके दिवशी जेवताना म्हणाली मला मरायचंय. आई घाबरली, आणि घाबरून जे कोणीही म्हणेल तेच म्हणाली, “असं परत कधी बोलायचं नाही हं.” रेवा परत बोललीच नाही. आईला वाटलं गेलं ते डोक्यातून. प्रत्यक्षात रेवाला एक नियम मिळाला होता आणि ती तो पाळत होती, बस. विचार तसाच चालू होता, फक्त आता तो सांगायची सोय राहिली नव्हती.

मधे शाळेत एक फॉर्म भरून घेतला होता, त्यात प्रश्न होता गेल्या दोन आठवड्यांत मरणाचे विचार आले का. तिने ‘नाही’वर टिक केलं. मी विचारलं तेव्हा म्हणाली, शेवटचा विचार 16 दिवसांपूर्वी आला होता, प्रश्नात दोन आठवडे लिहिलं होतं. ती खोटं बोलली नव्हती, उलट अगदी काटेकोर खरं उत्तर दिलं होतं. म्हणून अशा मुलांना एकदा विचारून ‘नाही’ आलं की सुटलो असं समजू नका, प्रश्न बदलून परत विचारा.

मी तिच्या समोर नाही, शेजारी बसले, ट्यूबलाइट बंद केली, आणि बोलायचं नसेल तर टाइप कर म्हटलं. “तुला कसं वाटतंय” विचारलंच नाही. ऑटिझम असलेल्या साधारण निम्म्या लोकांना स्वतःच्या भावना ओळखून त्यांना नाव देणं अवघड जातं, ते “माहीत नाही” म्हणतात तेव्हा खरंच माहीत नसतं. मी विचारलं, “आपण मरून जावं असा विचार तुला कधी आलाय का?” मग थांबले. बराच वेळ काही नाही. पालकांना ही शांतता सहन होत नाही, ते लगेच दुसरा प्रश्न टाकतात आणि मुलाचं पहिलं उत्तर मधेच राहून जातं. शेवटी तिने टाइप केलं, “हो. शाळेतून आल्यावर येतो. सुट्टीच्या दिवशी येत नाही.” मग एकेक करून पुढचे, आज आला का, काय करायचं ते ठरवलंयस का.

सुट्टीच्या दिवशी येत नाही, यातच अर्धं उत्तर होतं. शाळेत ती दिवसभर समोरच्या बाकावरच्या मुलीकडे बघून कधी हसायचं, किती वेळ हसायचं ते कॉपी करत होती. ज्या मुलांचा शाळेला काहीच त्रास नाही असं सगळे म्हणतात ना, त्यांची मला जास्त काळजी वाटते. असं स्वतःला लपवत राहणं आणि आत्महत्येचे विचार यांचा संबंध संशोधनात दिसलाय. इंग्लंडमध्ये मोठेपणी अ‍ॅस्पर्गरचं (ऑटिझमचाच एक प्रकार) निदान झालेल्या 374 लोकांचा एक अभ्यास 2014 मध्ये आला होता, त्यात 66 टक्क्यांनी आत्महत्येचे विचार कधी ना कधी येऊन गेल्याचं सांगितलं. ती मोठी माणसं होती, पण त्यातली कितीतरी माणसं निदानाशिवाय, कोणाला काही न कळता शाळा संपवून आलेली असणार, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

दुसरं कारण तिने हिशोबासारखं मांडलं. आईबाबा थेरपीच्या खर्चावरून बोलत होते ते तिने ऐकलं होतं, “मी नसले तर त्यांचं सोपं होईल.” अशा वेळी “वेडी आहेस का” म्हणून काही होत नाही. बाबांनी तिला बसवून सरळ सांगितलं, की खर्चाचं टेन्शन आहे हे खरं, तू नसावीस असं आम्हाला वाटतं हे साफ चूक, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ते तिने दोनदा बोलायला लावलं.

मग सेफ्टी प्लॅन, म्हणजे असा विचार आला की कोणी काय करायचं ते आधीच लिहून ठेवणं. रेवाला ज्वालामुखींचं प्रचंड वेड, आणि विमानांना इशारा द्यायला ज्वालामुखीसाठी हिरवा, पिवळा, केशरी, लाल असे रंग वापरतात हे तिनेच मला सांगितलं. किती त्रास होतोय त्याला एक ते दहा मार्क दे म्हटलं की ती अडकायची, पण रंगांचं तिने स्वतःच लिहून काढलं. पिवळा म्हणजे घरातही हेडफोन काढत नाही. केशरी म्हणजे तेच पान परत परत वाचते. लाल म्हणजे विचार आलाय आणि जात नाहीये. आणि प्रत्येक रंगापुढे आईबाबांनी काय करायचं तेही तिनेच लिहिलं, पिवळ्याला लिहिलंय “प्रश्न विचारू नका, शेजारी बसा”. आता ती फक्त रंग मेसेज करते. विचार पूर्ण थांबलेत असं नाही, पण कळतात. डिप्रेशनसाठी सायकियाट्रिस्टची ट्रीटमेंट चालू आहे, शाळेने मधल्या सुट्टीत लायब्ररीत एकटं बसायची परवानगी दिलीये, त्याचा फरक बराच आहे.

शिक्षा म्हणून ज्वालामुखीची पुस्तकं काढून घेऊ नका, हे मला तिच्या घरी ठासून सांगावं लागलं, तिला धरून ठेवणारी तीच गोष्ट आहे. “असं करणार नाही अशी शपथ घे” हेही नको, त्याने सुरक्षितता वाढत नाही, फक्त पुढच्या वेळी सांगणं अवघड होतं. औषधं आणि इजा होईल असं सगळं कुलपात ठेवा पण तिला सांगून, का ठेवतोय ते सांगून, कारण घरातल्या वस्तू न सांगता हलल्या की या मुलांचा आणखी गोंधळ उडतो.

आणि लाल असेल, किंवा काय करायचं ते ठरवलंय असं मूल म्हणालं, तर उद्याच्या अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, एकटं सोडायचं नाही, सरळ इमर्जन्सीला न्यायचं. तिथला उजेड, आवाज आणि अनोळखी हात याने ही मुलं अजून बिथरतात, म्हणून रेवाचं एक कार्ड आधीच तयार आहे, “मला ऑटिझम आहे, हात लावण्याआधी सांगा, मी उत्तर लिहून देईन.” फोनवर बोलणं जमत नसेल तर चॅटवर बोलणारी हेल्पलाइन आत्ताच शोधून लाल रंगापुढे लिहून ठेवा, त्या रात्री शोधायला सुचत नाही.