बहीण उपास आहे म्हणून जेवतच नाही. हे डाएट समजायचं की आजार?

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बहीण सतरा वर्षांची, लातूरला राहून नीटची तयारी करते, दिवाळीला परभणीला घरी आलीय. आठवड्यातले चार दिवस उपास, उरलेल्या दिवशी ताट घेऊन खोलीत जाते. जेवली की लगेच बाथरूममध्ये, आणि आत नळ सोडलेला. आई म्हणते, देवाधर्माचं करायली, करू द्या. तुम्हाला ते पटत नाही, आणि तुमचं बरोबर आहे. ही खाण्याच्या आजाराची लक्षणं दिसतात. रविवारी ती परत निघायच्या आधी तिला डॉक्टरांना दाखवा.

मी डॉक्टर नाही. माझी मुलगी ह्याच आजारातून गेली, तीही लातूरलाच शिकत असताना. दीड वर्ष सगळं डोळ्यांसमोर होतं आणि मला दिसलं नाही, ते अजून सलतं.

आपल्याकडे ह्या आजाराला लपायला जागा फार. सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, वर चतुर्थी आणि एकादशी. लेकीने वार धरायला सुरुवात केली तेव्हा मी शेजारणींना कौतुकाने सांगत होते. पण उपास सुटतो, हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. द्वादशीला माणूस आवडीने जेवतो, सोडायला काय करायचं ह्याची आदल्या रात्रीपासून चर्चा असते. हिचा उपास सुटतच नव्हता. एक वार संपला की दुसरा सुरू. फराळाला भगर नको, साबुदाणा नको, शेंगदाणे तर नकोच. तुम्ही बहिणीकडे त्या वेळेला बघा. उपास सोडायचा म्हटलं की तिला हायसं वाटतं, की ती घाबरते? माझ्या अनुभवात सगळ्यांत आधी ओळखता येणारी खूण हीच. डाएट करणारा माणूस लग्नात एक जिलबी खाऊन मोकळा होतो. आजारी माणसाला त्या एका घासाची भीती वाटते, आणि खाल्लाच तर त्याची भरपाई करावीशी वाटते.

आमचं शेत औशाजवळ आहे. त्या वर्षीच्या येळवशीला, म्हणजे शेतात पूजा करून जेवायच्या वेळा अमावस्येला, पोरीने पहाटे उठून माझ्याबरोबर भज्जी केली, बाजरीचे उंडे वळले, शेतात सगळ्यांना आग्रह करकरून वाढलं. आंबिलीचे पेले स्वतः भरले. स्वतः मात्र "वाढता वाढता खाल्लं की" म्हणाली. तिच्या पत्रावळीवर एका उंड्याचे बारीक बारीक तुकडे होते, नुसते इकडून तिकडे सरकवलेले. मी म्हटलं, पोरगी किती जबाबदार झाली. पुढे मानसोपचारतज्ज्ञांनी सांगितलं की दुसऱ्यांसाठी रांधणं, तासन्‌तास रेसिपीचे व्हिडिओ बघणं, घास चिमणीएवढे करणं हे उपाशी मेंदूचं वागणं आहे. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ३६ धडधाकट तरुणांना त्यांच्या संमतीने सहा महिने अर्धपोटी ठेवून अभ्यास केला होता. त्या पुरुषांचंही हेच झालं. दिवसभर डोक्यात अन्न, पाककृती जमवणं, सतत थंडी, चिडचिड, माणसांत नको वाटणं, कशात लक्ष न लागणं. पुढे अन्न मिळायला लागल्यावर काही जणांना खाणं आवरेना. हे ऐकलं आणि लेकीचं माझ्यावर खेकसणं मला पहिल्यांदा कळलं. त्याला मी वर्षभर तिचा उद्धटपणा समजत होते.

शरीर पण सांगत असतं. एप्रिलच्या उन्हात, लातूरला पारा चाळिशीच्या पुढे असताना तिच्या अंगात स्वेटर असायचा. आम्ही म्हणायचो फॅशन. केसांचे पुंजके न्हाणीच्या जाळीत, हातांवर मात्र बारीक लव वाढलेली. पाळी चार महिने आली नव्हती आणि विचारलं की "आली होती" म्हणायची. ताप असला तरी गच्चीवर चालायची, खाडा झाला की रडायची.

उलट्या तर मला कधीच कळल्या नसत्या. त्या ओळखल्या दातांच्या डॉक्टरांनी. दात शिवशिवतात म्हणून नेलं होतं. समोरच्या दातांच्या आतल्या बाजूचं कवच झिजलेलं पाहून त्यांनी मला बाहेर बसवलं आणि तिला एकटीला विचारलं. पोटातल्या आम्लाने दात असे झिजतात. वारंवार उलटी काढणाऱ्यांच्या जबड्याच्या कोपऱ्यांत गाल सुजल्यासारखे दिसतात, आणि बोटं घशात घालून बोटांच्या सांध्यांवर दातांचे व्रण पडतात. तुमच्या बहिणीचा नळ मला म्हणूनच खटकला. हे सांगायला शरम फार वाटते, त्यामुळे ती आपणहून सांगेल अशी वाट पाहू नका.

तुम्ही लिहिलंय की ती तितकी काही बारीक दिसत नाही. ह्यावर विसंबू नका. फार कमी खाऊन खंगत जाणं म्हणजे अ‍ॅनोरेक्सिया. भसाभसा खाऊन मग उलट्या, जुलाबाच्या गोळ्या किंवा अतिव्यायाम, हा बुलिमिया. आणि एका बैठकीत आवर न घालता, बहुतेक वेळा लपून, खूप खाणं आणि मग स्वतःची किळस येणं हाही स्वतंत्र आजार आहे. शेवटच्या दोन्हींत वजन नेहमीसारखं किंवा जास्तच असू शकतं. रात्रीतून डबा रिकामा होणं, गादीखाली बिस्किटांचे पुडे सापडणं हीसुद्धा लक्षणंच. पोरांनाही होतो. जिमच्या नावाखाली जेवण तोडणाऱ्या भाच्या-पुतण्यांकडे कुणी बघत नाही, ह्याचं मला वाईट वाटतं.

काही गोष्टींत रविवारपर्यंतही थांबू नका. चक्कर येऊन पडली, छातीत धडधड होते, नाडी फार मंद लागते, उलटीत रक्त आलं, पाणीही घेत नाही, किंवा जगण्याचा कंटाळा आल्याचं बोलली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. उलट्यांनी रक्तातलं पोटॅशियम घसरतं आणि त्याने हृदयाची लय बिघडते. डॉक्टरांना ईसीजी आणि रक्त तपासायला सांगा. रिपोर्ट चांगले आले म्हणून आजार नाही असं मात्र होत नाही. आणि खूप दिवस उपाशी असलेल्या माणसाला धाक घालून एकदम भरपेट जेवू घालू नका, त्यानेही शरीरातले क्षार धोकादायक घसरू शकतात. खाणं वाढवायचं ते डॉक्टरांच्या देखरेखीत.

आम्ही आधी एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी टॉनिक दिलं, वयात आलेल्या पोरी असंच करतात म्हणाले. एका नातेवाइकाने बाहेरचं असेल म्हणून एका बाबाचा पत्ता दिला. ह्यात आमचे तीन महिने गेले. तुम्ही सरळ मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. लातूर, नांदेड, अंबाजोगाईच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत, संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात हा विभाग आहे. आधी फोनवर बोलावंसं वाटलं तर टेली-मानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलतात.

तिच्याशी बोलताना वजनाचा विषय काढू नका. "किती वाळलीस" हे माझ्या लेकीला शाबासकीसारखं लागायचं, आणि थोडं खाऊन "आता बरी दिसायलीस" म्हटलं की ती दुसऱ्या दिवशी जेवण टाकायची. जेवणाच्या वेळी तर नाहीच बोलायचं. ती एकटी असताना, जे पाहिलं तेवढंच सांगा: तू आमच्यात बसून जेवत नाहीस, तुला सारखी थंडी वाजते, मला तुझी काळजी वाटायली. ती चिडेल, नाही म्हणेल. तरी अपॉइंटमेंट घ्या. आईला आधी विश्वासात घ्या, कारण पुढचे बरेच महिने बहिणीच्या शेजारी बसून जेवायचं काम त्यांचंच असणार आहे. आमच्याकडे उपचारात तेच मोठं होतं. मी तिच्याबरोबर बसायचे, ताट संपेपर्यंत, कधी कधी सव्वा तास, टीव्हीवर काहीतरी लावून, अन्नाबद्दल अक्षर न काढता. जेवल्यावर अर्धा-पाऊण तास तिला एकटं सोडायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

तिला आम्ही एक टर्म घरीच ठेवलं. क्लासची फी बुडेल, वर्ष वाया जाईल, ह्यावर आमच्या घरात फार भांडणं झाली. तुमच्याकडेही होतील. रविवारचं तिकीट आजच रद्द करा, आणि डॉक्टर काय म्हणाले ते इथे खाली कळवा, मी उत्तर देईन.