‘सिएस्ता’ला ‘वामकुक्षी’ म्हणावं का?

प्रश्न असा आला आहे: भाषांतर करताना स्पॅनिश ‘सिएस्ता’, जपानी ‘इनेमुरी’ आणि ‘पॉवर नॅप’ या तिन्हींसाठी ‘वामकुक्षी’ वापरलं तर चालेल का? आणि हा शब्द किंचित टिंगलीचा का वाटतो?

माझ्या मते तिन्हींना एकच शब्द लावू नये. दुपारी डोळा लागणं सगळीकडे सारखंच; जेवण टाळलं तरी दुपारच्या सुमाराला सुस्ती येतेच, कारण शरीराचं घड्याळच तसं आहे. पण प्रत्येक भाषेनं या झोपेचं नाव ठेवताना वेगळीच गोष्ट पकडली आहे.

आपल्या शब्दानं पकडली ती कूस. वाम म्हणजे डावा, कुक्षि म्हणजे कूस, आणि ‘कूस’ हा शब्द आला तोही कुक्षीवरूनच. सुश्रुतसंहितेत जेवणानंतरचा क्रम दिला आहे: अन्नाचा शीण उतरेपर्यंत राजासारखं बसावं, मग शंभर पावलं चालावं, मग डाव्या कुशीवर पडावं. गंमत म्हणजे आयुर्वेदाचा दिवसा झोपायला एकूण विरोधच आहे. चरकानं सवलत दिली ती उन्हाळ्यात, आणि एरवी बालक, वृद्ध, आजारी, प्रवासानं थकलेले अशांना. म्हणजे वामकुक्षी हे मुळात पथ्य. आपण मात्र दोन तासांच्या घोरण्यावर हे संस्कृत पांघरूण घालतो. शब्द भारदस्त आणि कृती सुस्त, टिंगल येते ती तिथून.

‘सिएस्ता’मध्ये कूस नाही, वेळ आहे. लॅटिनमधला ‘सेक्स्टा होरा’, म्हणजे सूर्योदयापासूनचा सहावा तास, भर दुपार. तो तास सगळ्यांचाच, त्यामुळे त्यात झोपणाऱ्याला कोणी आळशी म्हणायचं कारण नाही. स्पेनमधल्या आदोर या गावात तर 2015 साली महापौरांनी उन्हाळ्यात दुपारी दोन ते पाच शांतता पाळायचं फर्मान काढलं. स्पेनची घड्याळं 1940 मध्ये एक तास पुढे नेली ती तशीच राहिली, म्हणून माद्रिदला उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर येतो तो सव्वादोनच्या सुमाराला. तिकडचं उशिराचं जेवण घड्याळाऐवजी सूर्याशी ताडून पाहिलं, तर तितकंसं उशिराचं राहत नाही.

‘इनेमुरी’त ‘इ’ म्हणजे असणं, हजर असणं आणि ‘नेमुरी’ म्हणजे झोप. बैठकीत किंवा आगगाडीत, जागेवर हजर राहून लागलेली डुलकी. ठरवून आडवं होऊन घेतलेल्या दुपारच्या झोपेला जपानीत ‘हिरुने’ हा वेगळा शब्द आहे. इनेमुरीला बऱ्याचदा माफी मिळते, कारण माणूस कामानं इतका दमला की बसल्या जागी पेंगला, असा अर्थ लावता येतो. अर्थात माफी सगळ्यांना सारखी नसते. नव्यानं लागलेल्या कर्मचाऱ्यानं साहेबाची बरोबरी करायला जाऊ नये.

हे त्या त्या समाजाच्या रक्तातच असतं असं मात्र मानू नका. कन्फ्यूशियसचा शिष्य त्साय यू दिवसा झोपलेला सापडला, तेव्हा गुरूंनी ‘कुजलेल्या लाकडावर कोरीवकाम होत नाही’ असं सुनावलं. त्याच चीनमध्ये आज दुपारची झोप राजरोस घेतली जाते, आणि 1982 च्या राज्यघटनेच्या 43 व्या कलमात श्रमिकांचा विश्रांतीचा हक्क नोंदलेला आहे.

आता मराठीकडे. आपला निवाडा नामापेक्षा क्रियापदात दडलेला असतो. डुलकी ‘लागली’ तर माणूस निर्दोष, डुलकी ‘काढली’ तर संशयित. ‘जरा पाठ टेकली’ म्हटलं की आधी काम झालंय हे ऐकणाऱ्यानं समजून घ्यायचं. ‘लवंडलो’मध्ये थोडी कबुली आहे. ‘ताणून दिली’ हे स्वतःबद्दल बोलताना मजेत चालतं, दुसऱ्याबद्दल बोललं की थेट आरोप. आणि ‘पेंगतोय’ हे तर हमखास कामाच्या जागेवरचं. झोप तेवढीच, पण बोलणाऱ्यानं झोपणाऱ्याच्या कामाचा हिशेब आधीच मांडलेला असतो.

म्हणून भाषांतरात ‘सिएस्ता’ तसाच ठेवावा, पहिल्यांदा येईल तिथे ‘दुपारची विश्रांती’ एवढी फोड पुरे. ‘वामकुक्षी’ वाक्याचा सूर हलका असेल तरच. इनेमुरीसाठी ‘बसल्या जागची डुलकी’ उत्तम. (अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या ग्रंथात बसून पेंगण्याला ‘आसीनप्रचलायित’ असा शब्द आहे आणि त्याला दोषही दिलेला नाही, पण तो उच्चारेपर्यंत झोप उडेल.) राहिला ‘पॉवर नॅप’. त्यात डुलकीही कामाच्याच खाती जमा केलेली आहे: झोपायचं ते उठून अधिक काम करण्यासाठी. ‘वामकुक्षी’त ही घाई अजिबात नाही, तेव्हा इथे ती वापरूच नये. ‘शक्तिनिद्रा’ वगैरे घडवण्यापेक्षा ‘पॉवर नॅप’च राहू द्या, वाचकाला कळतो.