पाच सेकंदांच्या भेटीसाठी जपानला जाण्याआधी

तुमची हकिकत थोडक्यात अशी: पुण्याहून जपानला एका आयडॉल गटाच्या (चाहत्यांशी जवळीक ठेवणाऱ्या तरुण गायिकांच्या गटाच्या) सदस्यांना भेटण्याच्या कार्यक्रमासाठी खास गेलात. तोक्योजवळच्या माकुहारी मेस्से या प्रदर्शन केंद्रातली, तीन वेगवेगळ्या भागांची (ठरलेल्या वेळेच्या सत्रांची) तिकिटं हातात होती. पहिला भाग चुकला, कारण पोचेपर्यंत नोंदणी बंद झाली होती. दुसऱ्या भागातली सदस्या आजारी पडल्यामुळे तो रद्द झाला. तिसऱ्यात चार-पाच सेकंद मिळाले आणि मागच्या कर्मचाऱ्याने खांद्याला हात लावून पुढे काढलं. शिवाय तोक्योतल्या दुकानातून घेतलेल्या गटाच्या दहा सीडींमध्ये भेटीचं एकही तिकीट निघालं नाही. आता तुम्ही विचारताय की फसवणूक झाली का, आणि पुन्हा जावं का.

फसवणूक झालेली नाही. पण ही सगळी व्यवस्था जपानमध्ये राहणाऱ्या आणि वर्षातून अनेकदा जाणाऱ्या चाहत्याच्या हिशेबाने बांधलेली आहे. त्याचा एक भाग बुडाला तर तो पुढच्या महिन्यात परत येतो. आपण एका तारखेसाठी अख्खा प्रवास पणाला लावतो, त्यामुळे त्याची किरकोळ गैरसोय आपल्याला मोठं नुकसान म्हणून भोगावी लागते. पुन्हा जरूर जा, पण आखणी वेगळी हवी.

आधी सीडींचं. २००५ मध्ये तोक्योच्या अकिहाबारा भागात एकेबी४८ हा मुलींचा गट सुरू झाला तो ‘जिला प्रत्यक्ष भेटता येतं अशी आयडॉल’ या कल्पनेवर, आणि पुढे सीडीसोबत भेटीचं तिकीट देण्याची पद्धत त्याच गटाने रुजवली. त्यात दोन प्रकार पडले. दुकानात मिळणाऱ्या पहिल्या छपाईच्या मर्यादित आवृत्तीत सर्वसाधारण कार्यक्रमाचं तिकीट असायचं. अमुक सदस्या, अमुक तारीख, अमुक भाग असं ठरवून भेटायचं असेल तर ‘थिएटर आवृत्ती’ घ्यावी लागायची. ती दुकानात मिळत नाही. संकेतस्थळावर आधी अर्ज करायचा, सोडत निघते, नाव लागलं तरच पैसे भरायचे. इतर मोठ्या गटांनीही थोड्याफार फरकाने हीच पद्धत उचलली. त्यामुळे साध्या आवृत्तीच्या दहा काय, शंभर सीडी घेतल्या तरी भेटीचं तिकीट निघणार नाही. जुन्या मालाच्या दुकानात अगदी कवडीमोलाने दिसणाऱ्या सीडी बहुतेक तिकीट काढून घेतलेल्याच असतात. पाकिटावर लावलेल्या चिठ्ठीत आत काय आहे ते लिहिलेलं असतं. फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर करून ती वाचल्याशिवाय खरेदी करू नका.

थिएटर आवृत्तीची किंमत साधारण हजार ते बाराशे येन असायची. अर्ज कार्यक्रमाच्या दोन-तीन महिने, कधी त्याहूनही आधी सुरू होतात आणि फेऱ्याफेऱ्यांनी चालतात. लोकप्रिय सदस्यांचे सगळे भाग पहिल्या फेऱ्यांतच संपतात. कोणत्या सदस्येचा कोणता भाग संपला याचा तक्ता जाहीर होतो, तो पाहून पुढच्या फेरीत अर्ज करा. विमानाचं तिकीट नाव लागल्यावर काढा, आधी नाही.

आता नावाबद्दल, कारण मराठी माणसाची अडचण इथे खास असते. आपल्या पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात बहुधा स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं अशी दोन नावं असतात, आडनाव वेगळ्या रकान्यात. अर्जात नुसतं स्वतःचं नाव आणि आडनाव भरलं, तर दारावरचा कर्मचारी दोन्ही नावं अक्षर न् अक्षर ताडून पाहतो आणि अडवू शकतो. पासपोर्टवर आहे तसंच पूर्ण नाव भरा. जपानी अर्ज पुष्कळदा रुंद साच्यातली रोमन अक्षरं मागतात. साधी अक्षरं भरली की लाल रेघ येते, तेव्हा कीबोर्ड जपानी करून तीच अक्षरं पुन्हा टाइप करायची. कार्यक्रमाला मूळ पासपोर्ट न्या, फोटो किंवा झेरॉक्स चालत नाही. तसाही पर्यटकाने जपानमध्ये पासपोर्ट जवळ बाळगणं कायद्याने बंधनकारक आहे.

मध्यस्थाकडून घेतलेली तिकिटं याच कारणाने वाया जातात: त्यावर मध्यस्थाचं नाव असतं. टपालाने येणाऱ्या तिकिटासाठी खरा मार्ग म्हणजे जपानमधल्या ओळखीच्या माणसाचा पत्ता आणि तुमचं नाव. पण त्याच्या टपालपेटीवर तुमचं नाव नसल्याने पोस्टमन पाकीट परत नेतो. म्हणून पत्त्याच्या शेवटी यजमानाचं आडनाव आणि त्यापुढे ‘सामाकाता’ असं जपानीत लिहायचं, म्हणजे ‘यांच्या मार्फत’. एवढी एक ओळ राहिल्याने कित्येकांची पाकिटं परत गेली आहेत. मैफलीच्या ई-तिकिटांत आणखी एक पेच असतो: जपानी मोबाइल क्रमांकावर पडताळणी. पर्यटकांची ई-सिम सहसा फक्त डेटाची असते, तिच्यावर एसएमएस येत नाही. आवाजी क्रमांक असलेलं सिम किंवा परदेशी प्रेक्षकांसाठी उघडलेली वेगळी विक्री, हेच दोन रस्ते आहेत. चढ्या भावाने विकल्या जाणाऱ्या मैफलीच्या तिकिटांच्या वाटेला जाऊ नका; बेकायदा पुनर्विक्रीविरुद्धचा कायदा १४ जून २०१९ पासून लागू आहे, आणि दारात अडवलं तर तुमच्या बाजूने बोलायला कुणी नसतं.

सदस्या गैरहजर राहणं हे नेहमीचंच आहे. ताप आला, चित्रीकरण लांबलं, की त्या दिवशी सकाळी सूचना लागते. मग तिकीट पुढच्या तारखेला वळवून मिळतं किंवा सीडीची किंमत परत मिळते, तीही बहुधा जपानी बँक खात्यात. विमानभाड्याचा प्रश्नच येत नाही. गैरहजेरी सहसा अख्ख्या दिवसाची असते, म्हणून एकाच सदस्येचे एकाच दिवशीचे तीन भाग घेणं म्हणजे तिन्ही एकदम बुडण्याची तयारी. आवडतीचे दोन भाग आणि दुसऱ्या कुणाचा एक, किंवा शनिवार-रविवार मिळून दोन तारखा, अशी विभागणी करा. दुसरी सदस्या निवडताना तुलनेने कमी गर्दीची निवडा. तिच्या रांगेत कर्मचारी थोडे सैल असतात, आणि बोलणं खरोखर बोलण्यासारखं होतं.

पहिला भाग चुकण्याचं कारण तुम्ही ‘रस्ता लांब निघाला’ असं दिलंय. ते अगदी खरं आहे. माकुहारी मेस्सेचं स्टेशन काइहिन-माकुहारी, केइयो लाइनवर. तोक्यो स्टेशनात या लाइनचे फलाट जमिनीखाली एका टोकाला आहेत. यामानोते या शहरातल्या लाइनवरून उतरल्यावर तिथे पोचायलाच दहा-पंधरा मिनिटं चालावं लागतं, सामान असेल तर वीस. त्यापुढे गाडीचा अर्धा-पाऊण तास. ही लाइन खाडीच्या काठाने जाते, त्यामुळे जोराच्या वाऱ्यात गाड्या मंदावतात किंवा थांबतात. अशा वेळी सोबू लाइनने माकुहारी-होंगोला जाऊन तिथून बस धरायची. मेस्सेत ११ दालनं आहेत. १ ते ८ एका इमारतीत, ९ ते ११ वेगळ्या. तिकिटावरचा दालन क्रमांक आदल्या रात्रीच नकाशावर पाहून ठेवा.

शिवाय प्रत्येक भागाला ‘नोंदणी बंद’ची वेळ असते, आणि ती भाग संपण्याच्या बरीच आधी येते. भाग साडेअकरापर्यंत असला म्हणजे सव्वाअकराला पोचून चालेल, असं नाही. बंदची वेळ टळली की तिकीट रद्दी होतं. सकाळचे दहा म्हणजे आपल्या अंगाचे साडेसहा, त्यामुळे आदल्या दिवशी विमानातून उतरून पहिला भाग घेणं टाळाच. दुसरा आणि चौथा घेतला तर मध्ये जेवायला, लॉकर शोधायला उसंत मिळते. मोठी बॅग हॉटेलवर ठेवा, कारण स्टेशनवरचे लॉकर सकाळीच भरतात.

दारावरची तपासणी वेळ खाते. २५ मे २०१४ रोजी इवाते प्रांतातल्या ताकिझावा इथे एकेबी४८च्या भेटीच्या कार्यक्रमात एका माणसाने करवतीने हल्ला करून दोन सदस्यांना आणि एका कर्मचाऱ्याला जखमी केलं. तेव्हापासून धातुशोधक, बॅग उघडून पाहणं, बॅग टोपलीत ठेवणं, तळहात उघडे दाखवणं हे सगळं रूढ झालं. कर्मचारी रुक्ष वाटतात त्यामागे हे आहे. २०२० मध्ये साथीमुळे हस्तांदोलनच थांबलं, ऑनलाइन गप्पा आल्या. नंतर प्रत्यक्ष भेटी परतल्या त्या गटागणिक वेगळ्या रूपात: कुठे पारदर्शक पडद्यापलीकडून बोलणं, कुठे शेजारी उभं राहून फोटो. कार्यक्रम नेमका कोणत्या प्रकारचा आहे ते अर्ज करतानाच वाचा, म्हणजे हात मिळवायच्या आशेने जाऊन काचेसमोर उभं राहावं लागणार नाही.

आता त्या पाच सेकंदांबद्दल. दीड तासाच्या भागात एका तिकिटाला, येण्याजाण्यासकट, दहा सेकंद धरले तरी ५४० तिकिटं होतात. ती मुलगी तेवढ्या जणांकडे पाहून हसते. तुम्ही इतक्या लांबून आलात हे तिला तुम्ही सांगेपर्यंत कळायला मार्ग नाही, आणि सांगायलाच वेळ गेला. तिचं वागणं थंड होतं असं मनाला लावून घेऊ नका. मागून हलवणारा कर्मचारी घड्याळ पाहत असतो, त्याचं कामच ते.

म्हणून बोलणं मोजून बसवायचं. सराव केलेला नवशिका जपानीत सेकंदाला साधारण चार स्वरमात्रा (उच्चाराचे छोटे तुकडे) बोलतो. ‘हाजिमेमाश्ते, इंदो कारा किमाश्ता’ (पहिल्यांदाच भेटतोय, भारतातून आलोय) या पंधरा मात्रा, म्हणजे जवळजवळ चार सेकंद, म्हणजे तुमची अख्खी भेट. ‘हाजिमेमाश्ते’ गाळा. ‘इंदो कारा किमाश्ता’ एवढ्या नऊ मात्रा दोन-सव्वादोन सेकंदांत होतात आणि उरलेला वेळ तिला उत्तर द्यायला मिळतो. तिचं आश्चर्य, तिचा प्रतिसाद, हीच तर आपण न्यायची गोष्ट. छातीवर हिरागाना किंवा काताकाना या जपानी लिपीत नाव लिहिलेला ठळक बिल्ला लावा, म्हणजे नाव सांगण्यात सेकंद जात नाहीत आणि ती नावाने हाक मारू शकते.

एकापेक्षा जास्त तिकिटं एकदम देता येतात, तेवढे सेकंद वाढतात. एका वेळी किती चालतात याची मर्यादा लावलेली असते. एकाच भागाची पाच तिकिटं असतील तर माझा सल्ला असा: पहिल्या फेरीत एकच द्या आणि भारतातून आल्याचं सांगा. परत रांगेत लागा आणि दुसऱ्या फेरीत उरलेली चार, किंवा मर्यादेइतकी, एकदम द्या. आता ओळख करून द्यायची नसते, म्हणून वीसेक सेकंद गाण्याबद्दल बोलता येतं. ‘किनो नो कोएन मिमाश्ता’, कालचा प्रयोग पाहिला, असं म्हटलंत तर ती बहुधा ‘कसा वाटला?’ विचारेल, त्याचं उत्तर ‘साइको देश्ता’, म्हणजे अप्रतिम होता, तयार ठेवा. लांब प्रश्न विचारू नका, उत्तर अर्धवट राहून तेच जास्त सलतं.

भेटवस्तूंचं एका ओळीत: खाद्यपदार्थ स्वीकारत नाहीत, त्यामुळे बाकरवडी आणि चिक्की घरीच ठेवा, पत्र बहुतेक ठिकाणी चालतं, एक पान, जपानीत, सोप्या वाक्यांत.

पुढचा प्रवास मात्र भेटीच्या तिकिटावर उभारू नका. आधी मैफल किंवा थिएटरचा प्रयोग ठरवा. अकिहाबारातलं एकेबी४८चं थिएटर जेमतेम अडीचशे प्रेक्षकांचं आहे, प्रवेश सोडतीने, पण तिथे दोनेक तास तुम्ही मंचापासून काही मीटरवर असता. त्याच आठवड्यात छोट्या गटांचे लाइव्ह हाउसमधले (छोट्या संगीतगृहांतले) कार्यक्रम गाठा. तिकीट दोन ते चार हजार येन, वर पेयाचे पाच-सहाशे, रोख न्या. दारात ‘आज कुणाला बघायला आलात?’ असं विचारतात, तेव्हा गटाचं नाव सांगायचं. त्या गटाच्या मानधनाचा हिशेब त्यावर होतो. कार्यक्रमानंतर हजार-दोन हजार येनमध्ये सदस्येसोबत ‘चेकी’, म्हणजे इन्स्टॅक्सचा झटपट फोटो मिळतो. त्यावर सही करता करता ती अर्धा-एक मिनिट बोलते. सोडत नाही, सहसा पासपोर्टही मागत नाहीत. मन भरून बोलायचं असेल तर माझ्या मते जपानमध्ये याहून चांगली जागा नाही. बरेच गट एका ठिकाणी पाहायचे असतील तर २०१० पासून चालणारा टोक्यो आयडॉल फेस्टिव्हल आहे, ऑगस्टच्या उकाड्यात तोक्योतल्या ओदाइबाला.

आपल्याकडे मुंबईसाठी एमयूएम४८ची घोषणा २०१७ मध्ये झाली होती, पण तो गट मंचावर आलाच नाही. जपानचं बजेट जमेपर्यंत जकार्ताचा जेकेटी४८ किंवा बँकॉकचा बीएनके४८ हे त्याच कुळातले गट जवळचे आणि स्वस्त पडतात.

राहिलं तुमचं रद्द झालेल्या भागाचं तिकीट. ते फेकू नका. गटाच्या संकेतस्थळावर त्या तारखेची सूचना शोधा, तारीख वळवण्याची आणि पैसे परत मागण्याची मुदत वेगवेगळी असते. वळवलेली तारीख तुम्हाला जमणार नसेल तर मुदतीच्या आत परताव्याचा अर्ज करा. खातं जपानीच लागणार असेल, तर ज्यांच्या पत्त्यावर तिकीट आलं त्यांचं खातं चालेल का, हे आधी चौकशीच्या पानावरून लेखी विचारून घ्या.